पिशवीत मावणारी बंदूक

लोरेन्स ताक्सरचा कुणावरच विश्वास नव्हता. रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईवर नव्हता, चर्चमधल्या पाद्र्यावर नव्हता, आणि ज्या डॉक्टरनं त्याचा खुबा बदलला त्याच्यावर तर मुळीच नव्हता. शुद्धीवर आल्या आल्या त्यानं विचारलं होतं, "जुनं हाड कुठं ठेवलंत?" नर्स हसली, तर त्याला त्या हसण्याचाही संशय आला.

उभी हयात त्यानं म्योलटाल खोऱ्यातल्या वरच्या रानाची राखण केली. रान मालकीणबाईंचं, त्यातली जनावरं मालकीणबाईंची. संशय तेवढा लोरेन्सचा स्वतःचा. त्या खोऱ्यात माणूस बंदुकीवरून ओळखत. खांद्यावर उघडी दिसते ती इमानी माणसाची. मोडून पिशवीत मावते ती चोरट्या शिकाऱ्याची. लोरेन्सचा बापही राखणदार होता आणि त्यानं पोराला हे चालायच्या आधी शिकवलं असणार.

म्हणून लोरेन्स लोकांच्या पाठपिशव्या तपासायचा. त्यातही पहिला मान आम्ब्रोस ग्रानिगच्या पिशवीचा. आम्ब्रोस लाकूडतोड्या. रानात जायची त्याची वाट लोरेन्सच्या फाटकावरून जायची. रोज सकाळी तो तिथं थांबायचा, दगडी कुंपणावर पिशवी ठेवायचा आणि न सांगता तिचं तोंड सोडायचा.

"काय आहे?"

"पाव. स्पेक. दोर."

लोरेन्स कोपरापर्यंत हात घालायचा, खारवलेल्या मांसाचा तुकडा नाकाला लावून बघायचा आणि म्हणायचा, "जा."

तीस-एक वर्षं हेच चाललं होतं. कधी काही सापडलं नाही. दुसरा कुणी असता तर कंटाळला असता. लोरेन्सचा संशय उलट पक्का होत गेला. इतका साळसूद माणूस असतो होय?

खुबा बदलल्यावर मालकीणबाईंचा निरोप आला: आता खालच्या रानात ये, हिवाळ्यात हरणांना गवत घाल, आरामात राहा. लोरेन्सला वाटलं, आपल्याला जिवंतपणी गोठ्यात बांधताहेत. वरचं रान गेलं तर आपलं काय उरतं, हे त्याला नीट ठाऊक होतं, आणि त्याची त्याला भीती वाटत होती. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा हात जोडून एक शरद ऋतू मागून घेतला. कड्यांवरच्या गाम्सना, म्हणजे तिथल्या रानबकऱ्यांना, खरूज लागली होती. रोगी जनावर लांबून हेरून एका गोळीत पाडायचं, कळपभर खरूज पसरण्याआधी. तेवढं जमलं तर रान त्याचं, नाही तर गवताचे भारे.

जुनी बंदूक आता खुब्याला पेलत नव्हती. हलकी हवी होती. मधोमध मोडून एकच काडतूस घालायची, एकाच दस्त्यावर दोन नळ्या बदलून लावता येणारी: मोठ्या हरणासाठी जाड, गाम्ससाठी बारीक. नळी सुटी केली की सगळी पिशवीत. थोडक्यात, चोराची बंदूक. लोरेन्सला स्वतःचीच शरम वाटली.

असली बंदूक निवडायची कशी, हे त्याला माहीत नव्हतं. खोऱ्यात ज्याला माहीत असेल तो माणूस एकच. हा विचार डोक्यात आला आणि लोरेन्स किती तरी दिवसांनी खूश झाला. बंदूक मिळेल आणि चोरही.

"फेरलाखला बंदूक घ्यायला जायचंय," तो फाटकावर आम्ब्रोसला म्हणाला. "खुब्यामुळं मला अजून गाडी चालवता येत नाही. तू नेशील?"

"नेतो की. पण मला बंदुकीतलं काय कळतंय?"

"तुला कोण विचारतंय? तू नुसती गाडी चालव."

फेरलाखला घरटी एक बंदूकवाला. वुट्टेबाईंचं दुकान लहान होतं आणि मागं गोळी मारून बघायला लांबोडकं आवार होतं. बाईंनी दोन बंदुका काढल्या. एक कारखान्यातली, कोरी, चकचकीत. दुसरी त्यांच्या सासऱ्यांनी हातानं घडवलेली, दस्ता काळवंडलेला. लोरेन्सनं मुद्दाम दोन्ही आम्ब्रोसपुढं सरकवल्या.

"धर जरा. मला चष्मा पुसायचाय."

"नको बाबा. उडाली तर?" आम्ब्रोसनं दोन्ही हात खिशात घातले आणि खिडकीतल्या चिमण्या बघू लागला.

लोरेन्स चष्मा पुसत राहिला. मासा गळाला लागत नव्हता.

आवारात त्यानं आधी कोरी बंदूक चालवली. तिन्ही गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. मग सासऱ्यांची. तिच्या गोळ्या तीन बोटं फाकल्या. त्यानं आणखी एकदा कोरी चालवून बघितली. पुन्हा तसंच.

"हीच द्या," लोरेन्स म्हणाला. "हिच्यात खोट नाही."

बाई खोकं आणायला वळल्या. आता आम्ब्रोसनं घसा खाकरला, जमिनीकडं बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली. त्याच्या चेहऱ्यावर लोरेन्सनं इतक्या वर्षांत न पाहिलेलं काही तरी होतं. माणूस घाबरला होता.

"लोरेन्स, ती मोडून पिशवीत घाल."

"कशाला?"

"घाल. मागच्या टेकडीवरच्या देवळीपर्यंत चालून ये. मग जोड आणि एकच गोळी मार. तापलेल्या नळीचं काय सांगतोस? वरती पहिलीच गोळी खरी. तीही पिशवीतनं काढल्यावर."

लोरेन्सनं दोन्ही बंदुका मोडून पिशवीत भरल्या. वुट्टेबाई माल नजरेआड जाऊ देणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणून त्याही बरोबर निघाल्या. तिघं देवळीपर्यंत गेले आणि परत आले.

कोऱ्या बंदुकीची गोळी वीतभर डावीकडं गेली. लोरेन्सनं नळी काढली, पुन्हा बसवली, पुन्हा मारली. आता ती खाली गेली. सासऱ्यांची बंदूक मात्र आपली जागा सोडेना. बारीक नळी काढून जाड लावली, जाड काढून बारीक लावली, तरी गोळी घरी परत आल्यासारखी तिथंच. बाईंनी कोऱ्या नळीच्या सांध्याला दिव्याची काजळी लावून बंदूक मिटली आणि उघडली. काजळी एकाच बाजूची पुसली गेली होती.

"नळी अर्धीच टेकतेय," बाई म्हणाल्या. मग आम्ब्रोसकडं वळल्या. "तुम्ही काय काम करता म्हणालात?"

"लाकडं तोडतो."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि सासऱ्यांची बंदूक बांधायला घेतली.

परतीच्या वाटेवर लोरेन्स आम्ब्रोसच्या हातांकडं बघत बसला. चोर मुद्देमालापेक्षा पक्क्या पुराव्यानं सापडला होता. या क्षणासाठी त्यानं उमेदीची सगळी वर्षं घातली होती. आता आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता, आणि त्यामागंही काही तरी काळंबेरं असावं असं त्याला वाटून गेलं.

"आम्ब्रोस," तो शेवटी म्हणाला.

"वळण आहे. गप्प बस."

दुसऱ्या दिवशी आम्ब्रोस फाटकावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तो ओढ्याकडच्या लांबच्या वाटेनं रानात जातो, असं कळलं. लोरेन्स रोज सकाळी फाटकापाशी उभा राहायचा आणि मग घरात जाऊन कुत्र्यावर खेकसायचा. पोलिसात जावं असं त्याला एकदा वाटलं. सांगणार काय? की या माणसानं मला वाईट बंदूक घेऊ दिली नाही?

शरदात त्यानं खरजुली गाम्स गाठली. दरीपलीकडच्या कपारीवर उभी होती, पाठीची कातडी सोललेली. त्यानं पिशवीतून बंदूक काढली, बारीक नळी चढवली आणि एकच गोळी मारली. दुसरीची गरज पडली नाही. मालकीणबाईंनी वरचं रान त्याच्याकडंच ठेवलं. ते ऐकल्यावर लोरेन्सच्या मनात आलं, हे आधी आम्ब्रोसला सांगायला हवं. मग तो स्वतःवरच चिडला.

त्या आठवड्यात एका सकाळी आम्ब्रोस फाटकावर येऊन थांबला. कुंपणावर पिशवी ठेवून त्यानं तिचं तोंड सोडलं.

"काय आहे?" लोरेन्सनं विचारलं. आवाज हवा तितका कडक निघाला नाही.

"बघ की."

त्यानं हात घातला. पाव. दोर. त्याखाली फडक्यात गुंडाळलेलं काही तरी, थंड आणि लांब. त्यानं ते बाहेर काढलं. आखूड दस्ता आणि सुटी नळी. नळीच्या मागच्या तोंडात त्यानं करंगळी घातली, तर ती लालभडक होऊन निघाली. आत गंज इतका होता की काडतूस शिरलं नसतं.

"किती वर्षं झाली?"

"धाकटी जन्मली तेव्हा सोडलं. बायकोनं शपथ घातली."

आम्ब्रोसच्या धाकटीला आता स्वतःची दोन पोरं होती. लोरेन्सनं मनातल्या मनात ती सगळी वर्षं मोजली.

"मग इतकी वर्षं रोज इथं थांबून पिशवी कशाला दाखवत होतास?"

आम्ब्रोसनं खांदे उडवले. "तू वाट बघत असायचास. आणि मी थांबलो नसतो, तर दिवसभरात तू बोलला असतास कुणाशी?"

लोरेन्सनं करंगळी पँटला पुसली. गंज लवकर निघेना, म्हणून तो बराच वेळ पुसत राहिला. मग त्यानं नळी आणि दस्ता पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि काखेत मारला. पाव आणि दोर पिशवीत परत ठेवले. पिशवीचं तोंड त्यानं स्वतः आवळलं, पण पिशवी हातातून सोडली नाही.

"आम्ब्रोस."

"आता काय?"

"हिची दुसरी नळी कुठंय?"

आम्ब्रोसनं त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली, पाठीवर टाकली आणि चढणीला लागला.

"उद्या बघ," तो मागं न वळता म्हणाला.