रोझ हिलचा दहावा माणूस

मॉरिशस बेटावर, रोझ हिल गावच्या मोठ्या रस्त्यावर, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर ज्यू लोकांचं प्रार्थनाघर सुरू झालं, तेव्हा त्यात प्रार्थना सोडून सगळं होतं. पाटी होती, चिटणीस होते, खुर्च्यांची उपसमिती होती आणि अध्यक्ष मिस्ये, म्हणजे तिकडच्या भाषेत श्रीयुत, हायमन यांचं वार्षिक भाषण होतं. मिस्ये हायमन दक्षिण आफ्रिकेतून साखर कारखान्यांना यंत्रं विकायला आलेले. बेटावर आपली चार-दोन घरं विखुरलेली आहेत हे कळल्यावर १९५७ साली त्यांनी मनावर घेतलं, की या समाजाचं पुनरुज्जीवन करायचं. जातीचा यंत्रवाला माणूस. कळ दाबली की चाक फिरलंच पाहिजे, असा त्यांचा खाक्या. चाक काही फिरेना. कारण त्यांच्या धर्मात समाजाची पूर्ण प्रार्थना व्हायला दहा पुरुष हजर लागतात, आणि रोझ हिलात ते कायम नऊ भरत.

बरं, हे नऊ तरी कसे? लंडनहून एक डॉक्टर आले, सगळ्यांनी हुश्श केलं, तर त्याच आठवड्यात कारखान्याचा हिशेबनीस सहा महिन्यांच्या रजेवर डर्बनला गेला. तो परत आला, तर दोन व्यापाऱ्यांचं खुर्च्यांच्या गाद्यांवरून वाजलं आणि त्यातला एक घरी बसला. त्याची समजूत काढेपर्यंत डॉक्टरांची बदली झाली. जणू कुणीतरी वर बसून मोजत होतं आणि दहावा दिसला की एकाला उचलत होतं.

या घराची झाडलोट आणि दिवाबत्ती सीताराम करायचा. सीताराम लॉंग माउंटनच्या मराठी कुटुंबातला. आजा कोकणातून उसाच्या मळ्यात राबायला आला आणि इथलाच झाला. प्रार्थनाघरात सीतारामला आणलं मिस्ये फेलिक्स यांनी. फेलिक्स घड्याळं दुरुस्त करायचे, मूळचे व्हिएन्नाचे. लढाईच्या काळात जीव वाचवून पॅलेस्टाइनला निघालेल्या ज्यूंना इंग्रज सरकारनं तिथं राहू दिलं नाही. बोटीत घालून मॉरिशसला आणलं आणि बो बासँच्या तुरुंगात ठेवलं. गुन्हा काही नाही, पण कोठड्या रिकाम्या होत्या. त्यांत फेलिक्स होते आणि त्यांची बायको ग्रेटा होती. सीताराम तेव्हा पोरगेला, फाटकाशी भाजीची हातगाडी घेऊन यायचा. त्याच्या बापाचं बंद पडलेलं घड्याळ फेलिक्सनी आत बसून चालू करून दिलं आणि बदल्यात माठाची एक जुडी घेतली. तेव्हापासूनची ही ओळख.

ग्रेटा तुरुंगातच मलेरियानं गेली. तिला सें मार्तेंच्या दफनभूमीत पुरलं. लढाई संपली, फाटक उघडलं, बाकीचे बोटीत बसून गेले. फेलिक्स मात्र, बायकोला इथं ठेवून कुठं जाऊ, म्हणून राहिले. राहिले ते एकटे राहिले. मेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या घरच्यानं कद्दिश नावाची प्रार्थना म्हणायची असते आणि तिलाही दहा माणसं लागतात. सतरा वर्षांत ग्रेटाची कद्दिश एकदाही झाली नव्हती. फेलिक्स कुणाजवळ कुरकुर करत नसत. तिथीच्या संध्याकाळी ते एक दिवा लावत आणि खुर्चीत गप्प बसत. सीतारामला ते गप्प बसणं बघवत नसे.

सीतारामची बायको इंद्राणी म्हणायची, "आपल्यात श्राद्धाला एक कावळा लागतो, ह्यांच्यात धा मान्सं. त्यापरीस कावळा बरा."

मग दहावा माणूस शोधायचं काम सीतारामनं आपणहून अंगावर घेतलं. ग्रेटाची तिथी जवळ आली, की तो बस पकडून पोर्ट लुईच्या धक्क्यावर जायचा आणि बोटीवरून उतरणाऱ्या गोऱ्या माणसांना अदबीनं विचारायचा, "मिस्ये, ऊ झ्विफ?" तुम्ही ज्यू का? काही जण हसत, काही शिव्या देत. एकदा एक ग्रीक खलाशी जेवण मिळेल या आशेवर हो म्हणाला आणि माडीवर येऊन छातीवर क्रूस काढून मोकळा झाला. पुढल्या वर्षी खरोखरचा ज्यू सापडला. पण आपला देवावर विश्वास उरलेला नाही, हे त्यानं खुर्चीत बसता बसता जाहीर केलं, मासा खाल्ला आणि गेला. त्यानंतर मिस्ये हायमन यांनी सीतारामला बजावलं, की यापुढे माणूस आणशील तो पारखून आण. पारखायचं कसं, ते मात्र सांगितलं नाही.

१९६२ सालच्या तिथीला सीताराम धक्क्यावर सकाळपासून उभा होता. दुपार कलली तरी एक गोरा गावला नाही. पोटात कावळे ओरडायला लागले म्हणून तो भज्यांच्या गाड्याकडं वळला, तर शेजारी उभा असलेला एक काळासावळा, पन्नाशीचा खलाशी आपल्याशीच पुटपुटत होता, "काय तरी ऊन हाय."

मराठी! सीताराम चमकलाच. आज्यानंतर त्या चालीचं मराठी त्यानं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घरातली पोरंसोरंही आता क्रेओल या बेटाच्या बोलीत भांडायची.

"तुमी कुटचं, दादा?"

"थळचा. अलिबागच्या बाजूला. दानियल थळकर. बोटीच्या इंजनात काम करतो."

सीतारामला एवढा आनंद झाला, की त्यानं भज्यांची अख्खी पुडी त्याच्यापुढं धरली. थळकरांनी हात पुढं केला, भजं निरखलं आणि परत ठेवलं.

"कोलंबी हाय का यात?"

"हाय की. ताजी हाय. खावा."

"नाय. आमच्यात कोलंबी चालत नाय. खवल्याचा मासा असंल तर चालतो."

सीतारामचा घास तोंडातच राहिला. खवल्याचा मासा चालतो, कोलंबी चालत नाही, हे तो गेली कित्येक वर्षं मिस्ये फेलिक्सच्या बाजारहाटात पाळत होता. "तुमच्यात म्हंजे? तुमी कोन?"

"आमी शनवार तेली. गावात तसंच म्हन्तात. शनवारी आमचा घाना बंद. यहुदी आमी."

पाच वर्षं सीताराम या धक्क्यावर गोरी तोंडं तेवढी धुंडाळत होता. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला विचारावं, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. स्वतःच्या बिनडोकपणाची त्याला लाज वाटली आणि पाठोपाठ हसू आलं. त्यानं सगळी हकीकत सांगितली. थळकरही कित्येक महिन्यांत दहा जणांत उभे राहिले नव्हते; बोट पहाटे सुटणार होती. ते लगेच निघाले. बसमध्ये दोघं असे काही बोलत सुटले, की रोझ हिल आलं तेव्हा कंडक्टरनं त्यांना हाक मारून उतरवलं.

माडीवर नऊच्या नऊ जण टोप्या घालून बसले होते. जिन्यावर पावलं वाजली, सगळ्यांनी माना वळवल्या. सीताराम आत आला आणि त्याच्यामागून, त्याच्याच रंगाचा, त्याच्याच बांध्याचा, त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलणारा एक माणूस आला.

मिस्ये हायमननी चष्मा काढला. "सीताराम, हा तुझा चुलतभाऊ का?"

"नाय, मिस्ये. हे यहुदी हायेत. इंडियातले."

थळकरांचं इंग्रजी इंजिनाच्या कामापुरतं होतं, त्यामुळं पुढची चौकशी सीतारामच्या मार्फत झाली. साक्षीदार तोच आणि दुभाषाही तोच. अशा खटल्याचं काय व्हायचं ते उघड आहे. मिस्ये हायमननी विचारलं, तुमच्या गावात ज्यू कधीपासून आहेत?

थळकर म्हणाले, "आमचं वाडवडील सांगतात, दोन हजार वर्षं झाली. सायबांच्या गावात कधीपासनं हायेत?"

सीतारामनं पहिल्या अर्ध्याचंच भाषांतर केलं.

मग कुणीतरी सुचवलं, की याला 'शेमा' म्हणायला सांगा; ज्यू माणसाला ती आईच्या मांडीवर असल्यापासून येते. थळकरांनी डोळे मिटून म्हटली. चाल कोकणातली, पण शब्द तेच. खोलीत चुळबुळ झाली. फेलिक्स उठून उभे राहिले. तेवढ्यात बदलीवर आलेल्या नव्या डॉक्टरांनी मान तिरकी करून विचारलं, "सीताराम, तुला येते का रे ही?"

आता इथं कुणीही शहाण्या माणसानं नाही म्हटलं असतं. पण ही एकट्यानंही म्हणता येणारी प्रार्थना; जमलेले लोक दर शुक्रवारी आपापली म्हणत, ती त्यानं पाच वर्षं जिन्यात बसून ऐकलेली. सीताराम केर काढताना ती गुणगुणायचा. सरळ स्वभावाप्रमाणे त्यानं सुरुवात केली आणि शेवटपर्यंत घडाघडा म्हणून दाखवली, तीही फेलिक्सच्या व्हिएन्नाच्या हेलात. डॉक्टर हसले, हिशेबनीस हसला. मिस्ये हायमन हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. आपणच थळकरांना ती पढवून आणली असं यांना वाटणार, आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, हे सीतारामला हसण्याचा आवाज विरल्यावर कळलं.

"जोहान्सबर्गच्या रब्बींना विचारल्याशिवाय मी जबाबदारी घेणार नाही," मिस्ये हायमन म्हणाले.

सीतारामनं फेलिक्सकडं पाहिलं. बाकीच्यांचं जाऊ दे, त्याला एवढाच एक माणूस पुरे होता. फेलिक्स पुढं आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू हे माझ्यासाठी केलंस, ते कळतं मला. पण ग्रेटासाठी खोटा माणूस उभा करू नकोस, सीताराम."

इतक्या मायेनं त्याला आजवर कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण सीतारामला राग आला, आणि तो राग कुठं ठेवावा ते कळेना. तो नुसता थळकरांना म्हणाला, "चला दादा. माजीच चूक झाली."

थळकरांना भाषांतराची गरज नव्हती. आपल्याला हाकलतायत, हे माणसाला कुठल्याही भाषेत समजतं. ते रागानं लाल झाले होते, कुणाकडंही न बघता तरातरा दाराशी गेले. या लोकांच्या दाराच्या चौकटीवर एक बोटाएवढी डबी ठोकलेली असते, आत देवाचं वचन लिहिलेलं. सीताराम दर आठवड्याला ती फडक्यानं पुसायचा आणि पुढं जायचा. थळकर रागाच्या भरात उंबरठा ओलांडत होते, तोंडानं अस्सल अलिबागी शिवी चालू होती, आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, डबीला लागला, ओठांना लागला. मग ते जिना उतरले.

हे फक्त फेलिक्सनी पाहिलं. शिकवलेला माणूस बघणारे असताना हात लावतो. पाठ फिरवून शिव्या देताना लावत नाही.

म्हातारा माणूस, गुडघे दुखणारा, पण जिना असा उतरला की सीतारामला धावावं लागलं. थळकर खाली बसच्या थांब्यावर उभे होते. फेलिक्स त्यांच्यापुढं गेले, काही बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना कुठलीच भाषा सापडेना. शेवटी एकच शब्द निघाला, "कद्दिश." मग छातीवर हात ठेवून, "ग्रेटा."

थळकरांनी त्यांच्याकडं पाहिलं. बस आली, थांबली, निघून गेली. त्यांनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर बांधला.

"म्हाताऱ्याला सांग, हितंच म्हनू. वर मी यायचा नाय."

कापडाच्या दुकानामागं एक अंगण होतं, त्यात दोघं जाऊन उभे राहिले. वर खिडकीतून डोकी दिसू लागली. आधी हिशेबनीस उतरला, मग डॉक्टर जरा ओशाळून उतरले, मग गादीवरून भांडलेले दोघे व्यापारी एकमेकांच्या मागं. उतरत उतरत सगळे उतरले. सीतारामनं सवयीनं मोजलं आणि त्याला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. नऊ. मिस्ये हायमन वर बसले होते.

सीताराम माडीवर गेला. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांपुढं अध्यक्ष एकटेच बसले होते, मांडीवर पुस्तक.

"मी जोहान्सबर्गला विचारणार आहे," ते म्हणाले.

"विचारा की, मिस्ये. खाली एक मानूस कमी हाय. तेवडा देता का?"

पाच वर्षं मिस्ये हायमन भाषणात ज्याच्या नावानं खडे फोडत होते, तो न येणारा दहावा इसम आज त्यांच्याच खुर्चीत बसलेला होता, आणि हे समजण्याइतके ते हुशार होते. ते उठले. जिना सावकाश उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. अंगणात त्यांनी पाय ठेवला नाही. पायरी अंगणात धरायची की घरात, यावर त्या समाजात पुढं वर्षभर वाद चालला. खुद्द मिस्ये हायमननी मात्र पुढल्या वार्षिक भाषणात त्या संध्याकाळच्या कद्दिशला आपल्या प्रार्थनाघराची पहिली पूर्ण प्रार्थना म्हटलं. उकाड्यामुळं ती बाहेर घ्यावी लागली, असंही सांगितलं.

फेलिक्सनी कोणाकडं पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. मध्ये एकदा आवाज अडकला, तेव्हा थळकरांनी पुढचा शब्द हळूच उचलून दिला. आमेन मात्र सगळ्यांनी एकदम म्हटलं. सीताराम फाटकाशी उभा होता. दहांत त्याची गणती नव्हती, म्हणून तो मनातल्या मनातसुद्धा आमेन म्हणाला नाही.

थळकरांना पोर्ट लुईच्या बसमध्ये बसवून तो परत आला, तेव्हा फेलिक्स दुकानाच्या पायरीवर बसले होते. डोळे सुजलेले, पण चेहरा कधी नव्हे इतका मोकळा.

"मी तुला खोटा म्हणालो, सीताराम."

सीताराम त्यांच्या शेजारी बसला.

"बोल्लो असतो, मिस्ये, तुमच्यासाठी खोटं पन बोल्लो असतो. आज गरज पडली नाय, एवडंच."