रॉकेलचं पिंप

अरबांनी तेल आवळलं आणि आमच्या कोल्हापुरात रॉकेलला रांगा लागल्या. रांगेत मी जागतिक राजकारण समजावून सांगत असे. कुणी विचारलेलं नसे. एकदा माझ्यापुढे एक खानावळवाली बाई होती. पदर खोचलेला, डबा कमरेवर, नजर दुकानाच्या दारावर. तिची पाळी आली आणि दुकानदार म्हणाला, "रॉकेल संपलं."

"संपलं कसं? सांजच्याला पोरं जेवाय येत्यात माझ्याकडं!" म्हणत ती उंबऱ्यातच बसली. आता दार लावायची सोय राहिली नाही.

मी समजूत घातली, "बाई, अमेरिकेनं इस्रायलची बाजू घेतली म्हणून अरब चिडलेत. हा माणूस काय करणार?"

"अरब ऱ्हाऊंद्यात तिकडं. ह्ये दारातलं पिंप हालवून बघा की!"

रिकामं पिंप दाखवून तिला गप्प करावं म्हणून मी ऐटीत एका हाताने ते ढकललं. माझ्या खांद्यात उसण भरली, आणि आतलं रॉकेल डुचमळलेलं अख्ख्या रांगेने ऐकलं. दुकानदार मुकाट्याने माप शोधू लागला.

डबा काठोकाठ भरल्यावरच ती उठली. तोवर माझी जागा रांगेने गिळली होती. मी हळूच पुढे घुसू लागलो, तसा तिने भरला डबा माझ्या वाटेत धरला.

"पावणं, मागं व्हा. समदं जग ठावं हाय न्हवं तुमास्नी? मग रांग कुठं संपती तेबी बघून या."