दोन परदेशी भाषा आणि आईवर चार वाक्यं

मंडळी, मी कॉलेज रोडला जर्मन शिकवतो. आमच्याकडे एकलहऱ्याहून एक तरुण इंजिनिअर साहेब येतात. जर्मन आणि जपानी एकाच वेळी शिकतात, आणि ते जगाला कळावं म्हणून दिवसाआड स्टेटस टाकतात.

आज तोंडी परीक्षेचा सराव होता. पाठ केलेली स्वतःची ओळख साहेबांनी धडाधड म्हणून दाखवली. मी विचारलं, "आई दिवसभर काय करते? चार वाक्यं सांग."

"सर, माझं जपानी जास्त चांगलं आहे."

शेजारच्या वर्गात जपानी शिकवणाऱ्या मॅडम दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडे म्हणतो, जर्मन जास्त चांगलं आहे."

वर्ग हसला. मी म्हटलं, "बरं, मराठीत सांग."

"सकाळी माझा डबा करते."

"मग?"

"मग मी निघतो ना सर."

दोन देशांना स्वतःची ओळख करून द्यायला निघालेत, आणि घरातली दुपार ठाऊक नाही. असल्यांची मला कीवसुद्धा येत नाही.

घरी आलो तर आई मेथी निवडत होती. सहज तिच्यावर चार वाक्यं मनात जुळवायला घेतली. दुसऱ्यावर अडलो.

तुम्ही कितव्यावर अडता?