धवलारणीचं पान

मी अनिता. किन्हवलीच्या अलीकडच्या पाड्यांची आशा सेविका. गावात कोणाची शुगर वाढली, कोण गोळ्या फेकून देतो, सगळं मला पाठ. माणसं मला बघून मागच्या दाराने पळतात, तरी धरून उपकेंद्रात नेते. आणि माझ्याच घरात माझी सासू बशीत चहा ओतून वर चिमूटभर साखर भुरभुरवणार! सांगा, माझं तोंड राहील का गावात?

सासू म्हणजे जनाबाई. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. आत्या धवलारीण. म्हणजे लग्नातली हळद तिच्या गाण्याशिवाय लागत नाही. शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही मांडवात आत्या शिरल्या की वरबाप उठून उभा राहतो. तांदूळ कुठे टाकायचे, कलश कोणी धरायचा, ते आत्या सांगणार आणि ते अख्खा मांडव ऐकणार. तिथे आत्याचा शब्द म्हणजे कायदा. घरात माझा शब्द कोणी ऐकत नाही ते सोडा.

या धवलारणीला पहिलं पान वाढायची पद्धत. तिने घास घेतल्याशिवाय पंगत बसत नाही. पान म्हणजे भाताचा डोंगर, वर मटणाचा रस्सा, बाजूला लाडू. पानात टाकलं तर यजमानाचा अपमान. अशी आत्यांनी पोरवयापासून किती लग्नं जेवली असतील, देव जाणे. शेवटी पोट पुढे आणि आत्या मागे अशी गत झाली.

मागच्या लग्नसराईत मुरबाडकडे एका हळदीत घोटाळा झाला. धवळ्यात, म्हणजे हळदीच्या गाण्यात, गावदेवीपासून मामापर्यंत सगळ्यांची नावं घ्यायची असतात. मधे गाणं तुटलं तर परत पहिल्यापासून. आत्या मावश्यांपर्यंत आल्या आणि दम तुटला. परत सुरू केलं, परत तुटला. शेवटी मागे बसणारी लहानी, जिला आत्यांनीच शिकवलं, तिने गाणं उचललं आणि घाईत नवऱ्याच्या मामाचंच नाव खाल्लं. मामा रागाने उठला तो न जेवता मोटारसायकल काढून गेला. अख्खा मांडव त्याच्या मागे धावला.

घरी येऊन आत्या ओट्यावर बसल्या. मी म्हटलं, आता तरी चला. उपकेंद्रातल्या रविना डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठीक होतं, पण शुगर वाढलेली आणि वजन तर काट्याला झेपेना.

"सगळं एकदम सोडू नका आजी," त्या म्हणाल्या, "एकेक सवय बदला. एक अंगवळणी पडली की दुसरी. आणि रोज थोडं चाला."

आत्यांनी एकच विचारलं, "पुढच्या सालाला माझ्या नातीचं लगीन हाय. तिचा धवळा मी एका दमात गाईन ना?"

"प्रयत्न केलात तर गाऊ शकाल."

भूमिका माझी पोरगी, आणि आत्यांचा जीव की प्राण. तिच्या हळदीला लहानी गाणार म्हणजे आत्यांना जिवंतपणी मेल्यासारखं. मला वाटलं, झालं काम, म्हातारी आता सरळ वागेल.

कसली सरळ! मी चहातली साखर हळूहळू कमी केली, तर आत्या डब्यातली साखर नुसती खायला लागल्या. महिनाभर भांडलो, मग एक दिवस स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे गो, चहाच घशाखाली उतरत नाय आता गोड केला का." एक सवय सुटली. मग भात. डॉक्टरांनी भात कमी सांगितला म्हणून त्या ताटात मूठभरच घेत, ते बघून माझा ऊर भरून आला. चार दिवसांनी बघते तर सकाळी तांदळाची पेज, दुपारी तांदळाच्या भाकऱ्या, संध्याकाळी घावन!

"आत्या, हे काय?"

"भात कुठं खाल्ला मी? भाकर हाय ती."

कपाळावर हात मारला मी. तांदूळच आहे ना तो, म्हटलं, पीठ केलं म्हणून काय नाचणी झाली का त्याची? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भात म्हणजे शिजवलेला तोच, बाकी सगळं फराळ. यावरून आठवडाभर अबोला. शेवटी एक वेळेला नागलीची भाकरी ठरली. नागली म्हणजे तुमची ती नाचणी. आमच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या, जमिनीत पिकते आणि आम्ही ती विकून तांदूळ खातो, असे आम्ही शहाणे. सकाळी भूमिकेबरोबर गावदेवीपर्यंत चालणंही सुरू झालं. जाताना आत्या तिला धवळे शिकवत आणि धापा टाकत.

पण लग्नसराई आली आणि सगळ्यावर पाणी. आठवडाभर मी राखायचं आणि एका मांडवात म्हातारीने सगळं भरून काढायचं. विचारलं की, "पान टाकलं तर मांडव अडतो, मी काय करू?"

शेवटी म्हसा गावच्या एका लग्नाला मीच सोबत गेले, पहारा करायला. पान आलं. तोच डोंगर, तोच रस्सा. यजमान हात जोडून उभा. आत्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी असे डोळे वटारले की शेजारची बाई दचकली. आत्यांनी पान हाताने पुढे सरकवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"धवलारणीला आदी नागलीची भाकर लागते न शेवग्याची भाजी. रीत हाय. तुमाला कोणी सांगितलं नाय?"

यजमानाचं तोंड पडलं. ऐन लग्नात नागलीचं पीठ आणायचं कुठून? बाया घरोघर पळाल्या. एक पोरगा शेवग्याच्या झाडावर चढला. कोपऱ्यातला एक म्हातारा मान डोलावत म्हणाला, "बरोबर बोलली. माझ्या आजीच्या टायमाला असाच होता. आताच्या पोरांनी रीत बुडवली."

येताना टमटममध्ये मी हळूच विचारलं, "आत्या, ही रीत कधीची हो?"

"आजची," आत्या म्हणाल्या आणि बाहेर बघायला लागल्या.

मग काय विचारता! बातमी गावोगाव गेली. मांडव घालायच्या आधी लोक नागली दळून ठेवू लागले. लहानीसुद्धा जाईल तिथे तेच पान मागायला लागली, वर म्हणे आमच्या गुरूची रीत. माझ्या भाषणांनी जे वर्षानुवर्षं झालं नव्हतं ते म्हातारीच्या एका थापेने झालं. राग आला मला, खोटं कशाला बोलू.

भूमिकेची हळद आली. अंगण भरलेलं. माझा भाऊ धर्मा, म्हणजे पोरीचा मामा, नवा सदरा घालून अगदी पुढे बसला होता, आणि मुरबाडची हकिकत त्यालाही ठाऊक होती. आत्यांनी सुरुवात केली. अंगातला झंपर सैल झालेला, कंबर ताठ. गावदेवी झाली, आजे-पणजे झाले, काका झाले. मावश्यांची पाळी आली. लहानी मागे श्वास ओढून तयार. आत्यांनी मावश्या ओलांडल्या. मामाचं नाव असं घेतलं की धर्माने मिशीला पीळच दिला.

तिथे गाणं संपतं. आत्या थांबल्या नाहीत. धवळ्यात नवरीच्या आईचं नाव नसतं, ती नुसती कोणाची तरी बायको. आत्यांच्या छातीत दम उरला होता, आणि त्या दमात त्यांनी लांब सुरात नाव घेतलं, अनिता. लहानी गडबडली, मग तिनेही म्हटलं. सगळ्या बायांनी म्हटलं. मी हळदीची वाटी धरून उभी होते, मला रडू आवरेना. एवढी भांडले या बाईशी!

पंगत मांडली. सकाळपासून उपाशी होते, आणि खरं सांगते, माझा डोळा लाडवांच्या परातीवर होता. लहानीने माझ्यासमोर पान ठेवलं. नागलीची भाकरी, शेवग्याची भाजी.

"अगो, हे धवलारणीचं," मी म्हटलं.

पलीकडून आत्यांचा आवाज आला, "नवरीच्या आईला बी हेच पान. रीत हाय." सगळ्या मांडवाने माना डोलावल्या. मग आत्या माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "सगल्या गावाला धरून नेतेस शुगर तपासाया. तुझा बोट टोचलाय का कोणी कदी?"

नव्हतं टोचलं. कधीच नाही.

सगळे माझ्या पहिल्या घासासाठी थांबले होते. मी भाकरीचा तुकडा मोडला.