पाचव्या पानावरचा इतिहास

लालबागच्या गिरणी कामगारांना त्यांचं रोजचं दैनिक वाचून दाखवतो असं सांगून मी पाच दिवस त्यांना भलत्याच पेपरातला मजकूर वाचून दाखवला. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. यापलीकडे माझ्याकडे सबब नाही.

त्याचं असं झालं. माझा मामा लालबागला गावकरी मंडळाच्या खोलीत राहायचा. एकाच गावचे वीस-बावीस बाप्ये, भिंतीला खुंट्या, खाली ट्रंका, आणि झोपायचं ते पाळीपाळीने. संध्याकाळी पहिल्या पाळीची माणसं चहा पिऊन बसली की एकाने मोठ्याने पेपर वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, असा त्या खोलीचा नेम. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. एक दिवस पेपर वाचला नाही तर यांना जेवण जायचं नाही. आणि नेमका त्यांचा वाचणारा सत्याग्रहात पकडला गेला. मामा सहीपुरता साक्षर. तो थेट गिरगावात आमच्या बिऱ्हाडी आला आणि माझ्या आईला म्हणाला, "ह्येका धाड गो माज्याबरोबर. फोर्टात बसान दिवसभर लिवता, थोडा आमच्यासाठी वाचूक ह्येचा काय जाता?"

मी फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होतो. ट्राम धरून लालबागला जाऊ लागलो.

पण माझा जीव गुंतला होता एका साप्ताहिकात. कट्टर हिंदुत्वनिष्ठ साप्ताहिक. त्याचे संपादक पाचव्या पानावर गेल्या शंभर वर्षांचा इतिहास नव्याने लिहीत होते. शाळेत शिकलेलं सगळं ते गोधडी झटकावी तसं झटकायचे. स्वराज्य उपासांनी आलं नाही, बंदुकीच्या धाकाने आलं. फाळणी झाली नाही, होऊ दिली. साहेबाने लिहिलेला इतिहास खोटा आणि आपल्या पुढाऱ्यांनी लिहिलेला त्याहून खोटा. वाचताना माझे कान तापायचे. आपल्याला आजवर फसवलं आणि आता आपल्या एकट्यालाच ते कळलं, ही काय नशा असते म्हणून सांगू! गंमत म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समितीत त्या वेळी डावे-उजवे सगळेच एका मांडवाखाली होते. त्यामुळे साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर लाल बावटेवाले 'आमचे झुंजार बांधव' आणि पाचव्या पानावर तेच बेचाळीसच्या चळवळीतले घरभेदे. मला यात काही खटकत नव्हतं. मी पहिलं पान वाचतच नव्हतो.

तर सोमवारी मी दैनिकाच्या पोटात साप्ताहिकाच्या जपून ठेवलेल्या अंकांपैकी एकाचं पाचवं पान ठेवलं, रोज एक या बेताने, आणि अग्रलेख म्हणून वाचायला सुरुवात केली. विषय होता साहेबाने लिहिलेल्या इतिहासाचा खोटेपणा. खोली खूश! मंगळवारी सेहेचाळीस सालच्या बंडखोर खलाशांनी आरमाराच्या जहाजांवरची साहेबाची निशाणं उतरवली तो भाग वाचला, तेव्हा एका म्हाताऱ्या साच्यावाल्या विणकराने मांडीवर असा काही हात मारला की शेजाऱ्याचा चहा सांडला.

"आमचो पेपर सुधारलो रे!" मामा म्हणाला.

मी फुगलो. बुधवारपासून मी माझी स्वतःची विशेषणंही घालायला लागलो. संपादकांना सुचली नसतील अशी.

शुक्रवारी त्याच बंडाच्या दिवसांतला शहरातला भाग आला. लाल पुढाऱ्यांनी तो पवित्र उठाव रस्त्यावर ओढला, आणि परळ-लालबागेत गोऱ्या सोजिरांच्या गोळीबारात जे पडले ते बहुतेक धान्याची दुकानं लुटायला आलेले हुल्लडबाज होते, असं त्यात होतं. मी 'हुल्लडबाज' या शब्दावर खास आवाज चढवला आणि टाळीसाठी मान वर केली.

टाळी पडली नाही.

"परत वाच," मामा म्हणाला.

मी परत वाचलं. या वेळी आवाज आपोआपच उतरला.

मामा उठला. भिंतीवर एक खुंटी रिकामी असायची. बाकीच्या खुंट्यांवर तीन-तीन सदरे, आणि ही मोकळी. मी रोज येऊन तिच्यावर माझी छत्री लटकवायचो आणि मामा ती रोज मुकाट्याने काढून कोपऱ्यात ठेवायचा. आज त्याने छत्री काढली ती माझ्या मांडीवर टाकली. "ही खुंटी कोणाची ठाऊक आसा तुका? माज्या जोडीदाराची. त्या दिवसा गोळयेन गेलो तो. तो हुल्लडबाज?"

मला ठाऊक नव्हतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त इतिहास ठाऊक होता.

खोलीत एकच गलका उडाला. आपला पेपर आपल्याच माणसाला लुटारू म्हणतो! पेपर बंद करा! कोणी म्हणालं, जाळा. शेवटी ठरलं की उद्या शनिवारी पाळी सुटली की सगळ्यांनी दैनिकाच्या कचेरीवर जायचं आणि तो शब्द मागे घ्यायला लावायचा. पुढारी कोण? मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. "माजो भाचो! शिकलेलो आसा. ह्यो बोलात."

तेव्हाच खरं सांगून मोकळा झालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी नाही सांगितलं. शनिवारी बारा कामगार मागे आणि मी पुढे, असा मोर्चा निघाला. रस्त्याने कुणीतरी घोषणा दिली आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. आपण चोर आहोत हे विसरून मीही मूठ वर केली.

दैनिकाचे संपादक बाह्या सरसावून प्रुफं तपासत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे आमच्यात आलेलंच नाही."

"आता नाय म्हणतत बघा!" मागून आवाज आला.

"माज्या भाच्यान वाचल्यान," मामा म्हणाला. "तो खोटा बोलाचो नाय."

संपादकांनी आठवड्याच्या अंकांची फाईल माझ्यापुढे सरकवली. "दाखवा, भाचेबुवा."

मी पानं उलटू लागलो. इतक्या बारकाईने मी पेपर कधी वाचला नव्हता. हवामान वाचलं, सिनेमाच्या जाहिराती वाचल्या, एका हरवलेल्या पाकिटाची बातमी दोनदा वाचली. मग पानं संपली आणि मी सांगून टाकलं.

संपादक हसता हसता खुर्चीतून घसरायचे बाकी राहिले. माझ्यामागचे बारा जण हसले नाहीत. मामाने हात उगारला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "तां लिवणारो खय बसता?"

"गिरगावात."

"चल. फुडे हो."

"समिती फोडू नका हां!" संपादक मागून ओरडले.

साप्ताहिकाची कचेरी आमच्या घरापासून दोन वाड्या सोडून, पहिल्या मजल्यावर. मी त्या गृहस्थांना कधी पाहिलं नव्हतं. मनात म्हणजे सिंहच. प्रत्यक्षात एक किडकिडीत इसम बंडी घालून, डोक्यावर टॉवेल घेऊन, पातेल्यातला वाफारा घेत बसला होता. एवढी माणसं बघून त्यांनी टॉवेलातून तोंड बाहेर काढलं. "या, या. बसा. समितीची मंडळी ना?"

कोणी बसलं नाही.

"तुमी लिवलात, गोळयेन मेले ते लुटूक गेल्ले," मामा म्हणाला. "माजो जोडीदार खानावळीतसून डबे घेवन येय होतो. दोन डबे. एक तेचो, एक माजो. लुटूक जाताना कोण भरलेले डबे घेवन जाता?"

"मी पुढाऱ्यांविषयी लिहिलं," ते म्हणाले. "त्यांनी गरिबांना पुढे केलं. ते माझं मत आजही कायम आहे."

"पुढाऱ्यांचा काय तां तुमी बघून घेवा. तो हुल्लडबाज, ह्यां तुमका कोणी सांगल्यान?"

त्यांनी फडताळातून इंग्रजी कात्रणांचा गठ्ठा काढला आणि एक कात्रण बोटाने दाखवलं. "सरकारी पत्रकात आहे."

"सरकार कोणाचा?"

"तेव्हाचं... इंग्रजांचं."

मामा माझ्याकडे वळला. "सोमवारी तूच वाचलंस मा रे? सायबान लिवललो इतिहास खोटो म्हणान?"

मी मान डोलावली. माझ्या दैवताने एक शिंक दिली आणि नाक पुसलं. मग टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी टाक उचलला. "कोणत्या खात्यात होते ते?"

मामाने सांगितलं. सगळं टिपून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "आणि आपण?" कौतुकाची सात पत्रं पाठवणारा तो मीच, असं मी सांगितलं. "अच्छा, ते तुम्ही. अक्षर फार किरटं आहे हो तुमचं."

पुढच्या अंकात पाचव्या पानाच्या तळाला चार ओळी आल्या. गोळीला बळी पडलेला तो कामगार डबे घेऊन घरी परतत होता, त्याच्याबाबत वापरलेला शब्द मागे घेत आहोत. वरच्या दीड रकान्यात लाल पुढाऱ्यांची सालटी पूर्वीसारखीच काढली होती. गृहस्थ आपल्या मतावरून तसूभर हलले नव्हते, आणि तरी त्या चार ओळी त्यांनीच छापल्या होत्या. मला त्यांचा राग यावा की आदर वाटावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी अंक घेऊन लालबागला अक्षरशः धावत गेलो. जिना चढताना धाप लागली होती. सगळ्यांना गोळा केलं आणि त्या चार ओळी खणखणीत वाचल्या, एकही विशेषण न घालता. मामाने डोळे पुसले, माझ्या हातातून अंक घेतला आणि तो गॅलरीत गेला. समोरच्या चाळीत म्युनिसिपल शाळेत शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्या कठड्याशी तांदूळ निवडत होत्या.

"बाईनू," मामाने अंक उंच धरून हाक मारली, "हय येवन एवढ्या चार ओळी वाचून दाखवशात?"

"अरे मामा!" मी म्हणालो. "मी आत्ताच वाचल्या ना!"

"तू वाचलंस म्हणानच इचारतंय."