थांबू न दिलेला ट्रेलर

ज्या गुन्ह्याचा तपास मी केला, त्याचे कारण मीच होतो. कायद्याच्या भाषेत हे बसणार नाही, पण दुसऱ्या शब्दांत मला ते मांडता येत नाही. कार्ला फाट्यावर एका माणसाचा पाय गेला आणि त्यासाठी मी भलत्याच माणसाला कोठडीत बसवले. नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी पुसट होत चालल्या आहेत. ही होत नाही. यातल्या कोणाचेही नाव मी देणार नाही.

तेव्हा मी मावळातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जुना पुणे-मुंबई महामार्ग कामशेतच्या अलीकडून थेट लोणावळ्याच्या वेशीपर्यंत आमच्या हद्दीत होता. सकाळची हजेरी झाली की ठाण्यात दोन प्रकारचे लोक येत, तक्रार घेऊन आलेले आणि खबर घेऊन आलेले. खबर आणणाऱ्याला मी चहा पाजायचो. कामशेतच्या पुढे धाबा चालवणारा एक जण असाच येऊन बसे. चोरट्या दारूच्या एकदोन पक्क्या बातम्या त्याने दिल्या होत्या, त्यामुळे त्याच्या शब्दाला माझ्याकडे वजन होते.

"साहेब, एक ट्रेलर हाय," तो म्हणाला. "लोखंडाचं बीम घिऊन लोनावळ्याकडं जातोय. दर खेपेला माझ्या धाब्याच्या जरा पुढं थांबतो. डायवर वर चढतो, साखळ्यांशी कायतरी खुडबुड करतो अन् निघून जातो."

"मग?"

"मग काय, साहेब? चा न्हाई, जेवान न्हाई. धाब्यापुढं थांबून चा पीत न्हाई, म्हंजी त्याला दुसरंच काम असनार."

दारात उभा असलेला आमचा जुना हवालदार म्हणाला, "एकदा पिऊन बघितला असेल तुझा चहा."

सगळे हसले, मीही हसलो. पण खबर डोक्यात राहिली. बीमच्या खोबणीत दारूची खोकी सहज मावतात. वाटेत लोखंड उतरवून विकणारेही मी पकडले होते. मी त्या जागी नाकाबंदी लावली.

ट्रेलर आला आणि नेहमीच्या जागी थांबला. चालक पन्नाशी ओलांडलेला, मावळातल्याच एका गावचा मुसलमान गृहस्थ होता. हवालदार त्याला चाचा म्हणत होता. सपाट ट्रेलरवर लांबलचक बीम थरांनी रचलेले होते, थरांच्या मध्ये लाकडी ठोकळे होते आणि वरून साखळ्या आवळलेल्या. आम्ही प्रत्येक फटीत बॅटरी मारली, केबिन उलथीपालथी केली, कागद तपासले. काहीच निघाले नाही.

"इथंच का थांबतोस?" मी विचारले.

"माल बसतो, साहेब."

"म्हणजे?"

"लोखंडाच्या यार्डातनं निघालं की हादऱ्यानं लाकडं दबत्यात. बीम खाली बसतो अन् साखळी ढिली पडती. म्हून हितं थांबून परत ताणून घेतो. हितं गाडी रस्त्याच्या खाली घ्यायला जागा हाय. पुढं न्हाई."

"यार्डात नीट बांधत नाहीस का?"

"बांधतो की. नीट बांधलं तरी बसतोच."

उत्तर सरळ होते. पण धाब्यावरची माणसे बाहेर येऊन बघत होती, माझे शिपाई उन्हात ताटकळले होते आणि हाती काही लागले नव्हते. अशा वेळी अधिकाऱ्याला आपला राग कुठेतरी उतरवायचा असतो.

"महामार्ग काय तुझ्या बापाचा आहे?" मी म्हणालो. "यापुढे माझ्या हद्दीत रस्त्याकडेला उभा दिसलास तर गाडी जमा करीन."

"पर साहेब, साखळी..."

"निघ."

तो वर चढू लागला, तसा एका शिपायाने खालून काठी आपटली. चालक उतरला, केबिनमध्ये बसला आणि निघून गेला. त्या दिवशी काही झाले नाही. पुढच्या खेपेला झाले.

दुपारी कार्ला फाट्यावरून फोन आला. पर्यटकांची एक मोटार लेण्यांच्या रस्त्यासाठी अचानक वळली, तिला वाचवायला ट्रेलरने ब्रेक मारून गाडी बाजूला ओढली आणि सगळ्यात वरचा बीम घसरून रस्त्याकडेला पडला. तिथे मोटारसायकलवर एक जण मळवलीकडे वळायची वाट बघत उभा होता. लोहगडवाडीत गडावर जाणाऱ्यांसाठी तो टपरी चालवायचा. लोणावळ्याच्या बाजारातून बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन परतत होता. बीमचे टोक त्याच्या पायावर आले.

मी पोहोचलो तेव्हा बाटल्या रस्ताभर घरंगळल्या होत्या. ट्रेलरचा चालक त्या माणसाचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. स्वतःचा सदरा फाडून त्याने पाय बांधला होता. अपघातानंतर पळून न गेलेले चालक मी फार थोडे पाहिले आहेत. तरीही त्याला जीपमध्ये घालताना मी हाच विचार करत होतो की आरोपी हातात आहे, काम सोपे झाले. पंचनाम्यात नोंद केली, साखळ्या तुटलेल्या नाहीत, सैल आहेत.

ठाण्यात मी त्याला समोर बसवले.

"साखळ्या ढिल्या कशा होत्या?"

"माल बसला, साहेब."

"हे माहीत असताना थांबून ताणल्या का नाहीत?"

त्याने माझ्याकडे बघितले. खिडकीपाशी उभा असलेला हवालदारही माझ्याकडे बघू लागला.

"तुमीच न्हाई म्हनला," चालक हळू आवाजात बोलला. "तुमची हद्द लोनावळ्यापातूर, अन् हद्दीच्या अलीकडं माल पुरा बसत न्हाई. कुटं थांबू?"

मी टेबलावर हात आपटला. "जास्त शहाणपणा शिकवू नकोस."

जबाबात मी एवढेच घेतले की साखळ्या वेळीच तपासल्या नाहीत हे त्याला मान्य आहे. त्याने सही केली. निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. रुग्णालयात टपरीवाल्याचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

तपास पुरा करायचा म्हणून मी हवालदाराला घेऊन यार्डात गेलो. माल भरणाऱ्या मुकादमाने मला शेजारचा एक भरलेला ट्रेलर दाखवला. "हे सगळं आता घट्ट दिसतंय ना, साहेब? थोडं अंतर गेल्यावर बघा, साखळी हातानं हलते. सगळेच चालक थांबतात असं नाही. चाचा मात्र थांबायचेच. नव्या पोरांना मी सांगायचो, चाचा करतात तसं करा." मग त्याने मलाच विचारले, "त्या दिवशी कसे काय थांबले नाहीत?"

मी म्हणालो, "तेच शोधतोय."

परतताना कामशेत आल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, एक बोलू?"

"बोल."

"चोर असेल म्हणून अडवलं, ते बरोबरच होतं. चोर नाही कळल्यावर त्याला साखळी ताणू द्यायची होती."

 त्या आठवड्यात मी काही केले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चालक जामिनावर सुटला, पण यार्डाच्या मालकाने त्याला कामावरून काढले होते आणि परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव माझ्याच सहीने परिवहन कार्यालयात गेला होता. दोषारोपपत्र तयार होऊन टेबलावर पडले होते. सही करायला पेन उचलायचो आणि दुसरेच काम काढायचो. एक सही झाली असती तर तो माणूस शिक्षेला गेला असता, आणि मला कोणी काही विचारले नसते. धाबेवाला मात्र येऊन सांगून गेला, "बघा, मी म्हनलो हुतो ना, त्या गाडीत गडबड हाय म्हून." त्याला मी चहा सांगितला नाही.

शेवटी मी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे गेलो. तपास माझ्याकडून काढून घ्या आणि माझा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवा, असे सांगितले.

"शुद्धीवर आहेस ना?" त्यांनी विचारले. "खात्याची चौकशी लागेल."

"लागू द्या, साहेब."

चौकशी लागली. सेवापुस्तकात शेरा आला आणि बदली झाली. नव्या तपास अधिकाऱ्याने माझा, हवालदाराचा आणि मुकादमाचा जबाब जोडला. चालक निर्दोष सुटला, त्याचा परवाना वाचला आणि यार्डवाल्यांनी त्याला परत बोलावले.

चारचौघांपेक्षा वेगळे वागणाऱ्यावर नजर ठेवायची, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शिकवतात. मी ते मन लावून शिकलो होतो. रस्त्यावर सगळे पुढे पळत असताना एक जण थांबतो, तेव्हा तो आपल्या आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेत असेल, हे माझ्या मनात आले नाही. त्याने तोंडाने सांगितले तरी आले नाही. आणि कळल्यावरही मी आठवडे काढले. पहिली चूक रागाची होती. दुसरी मी शांत डोक्याने केली, म्हणून ती जास्त बोचते.

निवृत्त झाल्यावर मी चालकाच्या गावी गेलो. त्याने ओळखले, खुर्ची दिली, घरात चहा सांगितला. मी हात जोडले आणि माफी मागू लागलो, तसे त्याने मला थांबवले.

"माझं ऱ्हाऊ द्या, साहेब. मी सुटलो. लोहगडवाडीच्या त्या मानसाला सांगा. त्यो आजून मलाच शिव्या देतोय. पैशे दिऊन सुटला म्हनतो. दोनदा गेलतो भेटाया, दोनदा हाकललं."

दुसऱ्या दिवशी मी लोहगडवाडीला गेलो. टपरीवर त्याची बायको लिंबू सरबत करत होती. तो बाकावर बसून गिऱ्हाइकांशी बोलत होता, कुबडी शेजारी टेकवलेली. मी कोण ते सांगितले. गिऱ्हाइके जाईपर्यंत थांबलो आणि नाकाबंदीपासून सगळे सांगितले, काही न गाळता.

"भाऊ, चालकाची काही चूक नव्हती," मी म्हणालो. "तो साखळी ताणायला थांबत होता. मी त्याला थांबू दिलं नाही. तुमचा पाय माझ्यामुळे गेला."

बायकोचा हात थांबला होता. टपरीवाल्याने शेजारची कुबडी मांडीवर ओढून घेतली.

"तुमी दवाखान्यात आलता," तो म्हणाला. "माझा जबाब घ्याया. माझ्या खाटंपाशी बसला हुता. तवा ठावं हुतं तुमाला?"

"होय."

"मग तवा का न्हाई बोलला?"

"घाबरलो होतो," मी म्हणालो. "मला माफ करा."