नीलाबाईंचं कपड्यांचं घर

आमच्या गल्लीत दोन खोल्यांचं एक पक्कं घर आहे. त्यात माणूस कधी राहिला नाही, कपडे राहिले. घराच्या मालकीणबाई नीलाबाई अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. उन्हाळ्यात लातूरचा पत्रा काय तापतो हे ज्याला माहीत आहे, तो विचारणारच की बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना. पहिली दोन वर्षं मीही हेच विचारत होतो. मी आसिफ, समोरच्या दुकानात शिलाई मशीन चालवतो. माझ्या खुर्चीतून त्यांचा दरवाजा सरळ दिसतो, बघायचा नाही म्हटलं तरी दिसतो.

नीलाबाई किल्लारीच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचा नवरा माणिकप्पा आणि सात वर्षांची मुलगी महानंदा गेली. पुढे भावानं त्यांची जमीन विकून इथं हे घर बांधून दिलं आणि वर्षभरात तोही वारला. स्लॅबखाली बाईंनी एक रात्र काढली नाही. रात्रीचं सोडाच, दिवसाही त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. किल्लारीकडची अशी माणसं मला आणखीही माहीत आहेत. पक्क्या घरात धान्याची पोती ठेवतात आणि स्वतः बाहेर झोपतात.

मग गल्लीच्या तोंडाशी क्लासेस आले. अहमदपूर, उदगीर, मुदखेडहून डॉक्टर व्हायला निघालेली पोरंपोरी बॅगा घेऊन उतरायला लागली आणि ज्याच्याकडे जास्तीची खोली होती त्याचं हॉस्टेल झालं. एका खोलीत चार कॉट आणि एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. पावसाळ्यात अशा खोलीत कपडे वाळत नाहीत, कुबट होतात. पोरी तोच वास अंगावर घेऊन वर्गात बसायच्या. लॉन्ड्रीवाला किलोवर पैसे घ्यायचा, मशीनमध्ये सुकवून द्यायचे वेगळे. बापानं पोट मारून पाठवलेल्या पैशात ओली चादर सुकवायची, हे मला काही पटत नसे. हवेचे पैसे मोजायचे म्हणजे कमालच झाली.

नीलाबाईंनाही ते पटलं नसावं. एका जुलैत त्यांनी रस्त्यानं चाललेल्या दोन पोरींना थांबवलं आणि सांगितलं, कपडे इकडं आणा, घर रिकामंच हाय. पैशाचं नाव काढू दिलं नाही. महिन्याभरात दहा-बारा पोरी बादल्या घेऊन यायला लागल्या.

कपडे वाळवणं बाईंकडून शिकावं. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. दोन कपड्यांत वीतभर जागा सोडायची. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कंबरेकडून टांगायची. चादर दोन दोऱ्यांवर पसरायची, म्हणजे मधून वारा खेळतो. ना पंखा, ना लाईट, तरी भर पावसाळ्यात सकाळचा कपडा संध्याकाळी कोरडा. मी चाळीस वर्षं कपड्यांत घालवली, पण ओल्या कपड्याची एवढी अक्कल मला नव्हती. बाई हे सगळं उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगत. हातात लांब काठी असे, दाराजवळच्या दोरीवरचं काही असेल तर काठीनं सारखं करत.

आणि त्यांचा एक नियम होता. पोरगी आत असेपर्यंत तिनं गप्प बसायचं नाही.

"बोलत ऱ्हा माय," त्या बाहेरून म्हणत. "काय बी बोल, पर बोलत ऱ्हा."

पोरी हसायच्या. कोणी गाणी म्हणायची, बाकीच्या पाठांतर उरकून घ्यायच्या. हृदयाचे कप्पे, बेडकाची आतडी, हाडांची नावं, सगळं त्या खोल्यांतून ऐकू यायचं. काजं-बटणं करता करता मला रक्ताभिसरण पाठ झालं. नीलाबाईंना त्यातलं काही कळत नसे. आवाज चालू आहे ना, एवढंच त्या ऐकत.

पुढे हॉस्टेलवाल्यांनीच कपडे सुकवायची मशिनं आणली आणि भाड्यात त्याचे पैसे लावले. पोरी एकेक करून कमी झाल्या. शेवटी उरली अक्षरा, अहमदपूरची. तिचं हे परीक्षेचं दुसरं वर्ष. स्वस्तातली खोली, तिथं मशीन नव्हतं. नीलाबाई सकाळपासून तिची वाट बघत, दोऱ्या दोन-दोनदा पुसायला काठीला फडकं बांधत. तिच्याशिवाय दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. मी होतो म्हणा, पण माझं बोलणं म्हणजे खेकसणं. एकदा त्या मला म्हणाल्या की ही पोरगी गेली की संपलं. मी म्हटलं, मग भाडेकरू ठेवा. तर म्हणाल्या, भाडेकरू रात्री आत झोपंल, मग मला झोप लागंल का?

ऑगस्टमधली गोष्ट. तीन दिवस भुरभुर चालू होती. दुपारी अक्षरा बादली घेऊन आत गेली. दोन-चार वाक्यं बोलली आणि गप्प झाली.

"अक्षरा?" बाईंनी हाक मारली. उत्तर नाही. "अगं बोल की."

मी मशीन थांबवलं. बाईंच्या हातातली काठी खाली पडली होती. मी रस्ता ओलांडून गेलो तेव्हा त्या चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या. सरका, मी बघतो, असं मी म्हटलं, पण त्यांना ते ऐकूच आलं नाही. त्यांनी एक हात डोक्यावर धरला, वाकल्या आणि आत गेल्या.

ओल्या चादरींच्या मागं, भिंतीला टेकून पोरगी बसली होती. फोन मांडीवर. क्लासची यादी आली होती आणि तिला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये टाकलं होतं.

"आज्जी, बोलावंसं वाटंना मला," ती म्हणाली.

"नको बोलू," नीलाबाई म्हणाल्या. "मी हाय इथं."

आणि त्या तिच्या शेजारी, स्लॅबखाली, फरशीवर बसल्या. तासभर त्या तिथून उठल्या नाहीत. मला तिथं उभं राहायची लाज वाटली, मी दुकानात परत आलो.

आठ दिवसांनी अक्षराचा बाप आला आणि तिला घेऊन गेला. अहमदपुरातच कॉलेजला घालतो म्हणाला. त्या संध्याकाळी नीलाबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. घरातल्या दोऱ्यांवर काही नव्हतं. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी भलतंच बोलतो.

"बाई, भीती तर गेली तुमची," मी म्हटलं. "आता राहा की आत."

"घर पडायची भीती मला कवाच नव्हती, आसिफभाई," त्या म्हणाल्या.

मग पहिल्यांदाच त्यांनी किल्लारीचं सांगितलं. पहाटे त्या परसाकडे गेल्या होत्या म्हणून वाचल्या. माणिकप्पा जागीच गेले. महानंदा दगडमातीखाली होती, दिसत नव्हती, पण तिचा आवाज येत होता. दिवस चांगला वर आला तरी येत होता. बाईंची बोटं दगड उपसून सोलवटली, एकटीनं काही हलेना.

"मी म्हनलं, बोलत ऱ्हा माय, मी मानसं घेऊन येते. ती म्हनली, आई, जाऊ नको. आन मी गेले."